अठरा माणसं आणि एक मशीन

संध्याकाळी सात वाजले की जिनत स्वतःच्याच दंडाला पट्टा गुंडाळायची. हौस म्हणून नव्हे, नियमच होता तसा. बीडच्या आरोग्य संस्थेनं बीपीचं मशीन हातात देताना बजावलं होतं, की रोज घरी आल्यावर ते एकदा स्वतःला लावून बघायचं, म्हणजे बिघडलं तर लगेच कळेल. आता बिघाड मशीनचा की माणसाचा, हे त्यावरून कसं कळायचं ते संस्थेलाच ठाऊक. पण जिनत नियमाची बाई. पट्टा फुगायचा, फुस्स करून सुटायचा, आणि आलेला आकडा वहीच्या शेवटच्या रकान्यात जायचा. त्या रकान्याच्या डोक्यावर तिनं 'मशीन' असं लिहिलं होतं. मग वही मिटायची आणि खोलीत करण्यासारखं काही उरायचं नाही.

खोली केजच्या बाजारगल्लीत. पुढं बापाचं दुकान, ते बंद. घड्याळवाले फकीरभाई म्हटलं की अजूनही जुने लोक बोट दाखवतात. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा भिंतीवर अकरा घड्याळं चालू होती. एकेक करून ती थांबली. एकाला मात्र जिनत किल्ली देत राहिली, कारण सगळीच थांबली असती तर तिला त्या खोलीत झोप लागली नसती. वय चव्वेचाळीस. लग्न राहूनच गेलं. आधी आईचं दुखणं, मग धाकट्या हारिसचं शिक्षण, मग बापाचे डोळे. असं करता करता विचारणारे थांबले. हारिस पुण्यात गॅरेज चालवतो. ईदला फोन करून म्हणतो, आपा, इकडंच ये राहायला. आणि लगेच पुढच्या वाक्यात जागा किती लहान आहे तेही सांगतो. भला माणूस आहे, खोटं बोलता येत नाही त्याला.

सांगायचं म्हणजे, संध्याकाळी सात ते सकाळी सात जिनतशी कुणी एक शब्द बोलत नव्हतं. ती मशीनशी बोलायची. आकडा जास्त आला तर म्हणायची, चढला का रे बाबा. कमी आला तर काही म्हणायची नाही.

दिवाळी झाली की युसूफ वडगावच्या आसपासच्या वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, कोयते, लेकरं, शेळ्या असं सगळं चढवून ऊसतोडीला निघून जातो. कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. मागं राहतात ती ज्यांना मोळी उचलत नाही ती. गुढीपाडव्यापर्यंत कुलपाचं आणि त्यांचं काम एकच, दाराशी राहायचं. अशी अठरा म्हातारी माणसं संस्थेनं निवडली होती. जिनतनं सोमवार ते शनिवार रोज तीन घरं करायची, म्हणजे आठवड्याला प्रत्येकाची एक भेट. जायचं, बसायचं, बोलायचं आणि उठताना बीपी मोजायचं. किती मिनिटं बसलो आणि वरचा आकडा किती आला, एवढंच मोबाईलमध्ये भरायचं. किती बसायचं ते मात्र तिच्यावर सोडलं होतं. माणूस पाहून ठरवा, असं संस्थेचे डॉक्टर म्हणाले होते.

आणि जिनत माणूस पाहूनच ठरवायची. सटवामामा सत्तरीचे, पण काठी फक्त कुत्र्यांसाठी बाळगायचे. त्यांचं चित्त सगळं मारुतीच्या पारावरच्या पत्त्यांत. ते उभ्या-उभ्याच हात पुढं करायचे आणि म्हणायचे, लाव बाई लवकर, माझा डाव अडलाय. दहा मिनिटांत काम खलास, आकडा एकशे चोवीस. अजिनाथमामांकडं अर्धा तास. आणि बायनाबाईकडं गाडीची घाई असली तर चाळीस मिनिटं, नाहीतर तास, कधी सव्वा तास.

बायनाबाईची वस्ती सगळ्यात लांब, ओढ्याच्या पल्याड. काळीपिवळी जीपनं फाट्यावर उतरलं की दीड किलोमीटर पायी. लेक हनुमान आणि सून दिपाली उसाला गेलेले, शेजारची तिन्ही घरं बंद. गोळी चालू असूनही म्हातारीचा आकडा एकशे साठच्या खाली यायला राजी नसायचा. जिनत ओढ्यात दिसली की ती दारात येऊन उभी राहायची आणि पहिला प्रश्न हाच, "आज किती बसणार?" जिनत म्हणायची, बघू. मग कोरा चहा व्हायचा, गुळाचा, आणि म्हातारी आठवड्याचं साठलेलं सगळं ओतायची. कोंबडी खुडूक बसली इथपासून ते नवरा पहिल्या वर्षी कसा बोलतच नव्हता इथपर्यंत. शेवटी दंडाला पट्टा. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण चार-पाच भेटींनंतर पट्टा ती स्वतःच बांधायची, दोन बोटं आत जातील एवढा सैल ठेवून. आकडा ऐकला की दरवेळी विचारायची, "आन् तुझा किती भरतोय?"

"माझं काय मावशी, मशीन ठीक हाय," जिनत म्हणायची.

"मशीनचं कोण इचारतंय."

यावर जिनत हसून पिशवी उचलायची.

पौषात एकदा ती पोचली तेव्हा बायनाबाई दारात नव्हती. आत पडून होती, डोळे लाल, डोकं गच्च धरलेलं. गोळी घेतली होती, पण चार दिवसांत लेकाचा फोन नाही, आणि रात्री कोल्हं ओट्यापर्यंत आलेलं. जिनतनं नियम बाजूला ठेवला आणि आल्या-आल्या मशीन लावलं. एकशे ब्याऐंशी. दवाखान्यात न्यायला गाडी विचारू का म्हणाली, तर म्हातारी ऐकेना. तेव्हा जिनतनं चपला काढून भिंतीशी ठेवल्या आणि म्हणाली, "मग मी बी इथंच. हे उतरल्याशिवाय मी जायची न्हाई." त्या दिवशी ती दोन तास बसली. हनुमानला फोन लावून दिला, शेळीचं दूध काढलं, म्हातारीचं डोकं चेपलं. उठताना एकशे चौपन्न. जिनतनं मोबाईलमध्ये भरलं: एकशे वीस मिनिटं, एकशे चौपन्न. शेवटची काळीपिवळी चुकली म्हणून ती फाट्यापासून एका दूधवाल्याच्या गाडीवर केजला आली. घरी येऊन स्वतःला पट्टा लावला तर एकशे सोळा. एवढा कमी आकडा तिला आठवतच नव्हता. मशीन बिघडलं की काय असं तिला वाटलं.

माघ सरता सरता, शुक्रवारी संध्याकाळी, बीडच्या ऑफिसातून तेजश्रीचा फोन आला. तेजश्री पोरसवदा, चोवीस-पंचवीसची, संख्याशास्त्र शिकून नुकतीच संस्थेत लागलेली. सगळ्या नोंदी तिच्याकडंच जमायच्या. ती चाचरत चाचरत बोलली. पंधरा आठवड्यांचा हिशेब लावला होता; जिथं जास्त वेळ बसलं तिथं बीपी जास्त, असं निघत होतं. मंगळवारच्या बैठकीत डॉक्टरसाहेब नियम करणार होते, की यापुढं दहाच मिनिटं. मोजायचं, भरायचं, निघायचं. लांब बसण्यानं म्हाताऱ्या माणसांना बहुधा ताणच होतोय, असं साहेबांचं मत पडलं होतं.

जिनतला आधी काही कळेचना. फोन ठेवल्यावर कळलं. दहा मिनिटांत बायनाबाईचा चहासुद्धा उकळत नव्हता.

शनिवारची तीन घरं उरकून ती तशीच बीडच्या एसटीत बसली. ऑफिसात तेजश्रीनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं. आडव्या रेघेवर मिनिटं, उभ्या रेघेवर बीपी, आणि मध्ये निळ्या ठिपक्यांचा सडा. सड्यातून एक लाल रेघ डावीकडून उजवीकडं चढत गेलेली. दोनशे सत्तर नोंदी आहेत ताई, तेजश्री म्हणाली, एवढ्या नोंदींमध्ये हे योगायोगानं येत नाही.

जिनतनं खुर्ची पडद्याजवळ ओढून सडा नीट बघितला. मग म्हणाली, "मॅडम, आमची माणसं तर अठराच हायेत. दोनशे सत्तर कुठून आणली?"

तेजश्रीनं समजावलं, की अठरा जणांच्या पंधरा-पंधरा भेटी, म्हणून दोनशे सत्तर. जिनतनं मान हलवली. ते तिला कळत होतंच की. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, वर उजवीकडं, जिथं ठिपक्यांचा घोळका होता. हे सगळे बायनामावशीचे असतील. आणि ते खाली डाव्या कोपऱ्यातले सटवामामांचे. यात लिहिलंय का कुठं, कोणता ठिपका कुणाचा? तेजश्री म्हणाली, नंबर आहेत, पण चित्र काढताना ते घेतले नाहीत. सगळे ठिपके निळेच.

 काहीतरी चुकतंय एवढं जिनतला दिसत होतं, पण बारावी झालेल्या बाईनं शिकलेल्या पोरीला काय म्हणून सांगायचं. ती उठली. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तिला दुसरीच भीती वाटायला लागली. आपण हे भांडण कुणासाठी मांडलंय? म्हातारीसाठी, की आपल्याला बसायला मिळावं म्हणून? बीपी खरंच आपल्यामुळं चढत असलं तर? आपल्याला बोलायला माणूस हवं म्हणून आपण म्हाताऱ्या माणसांच्या उरावर बसतोय असं झालं तर? मांजरसुंब्याच्या घाटापासून केज येईपर्यंत तिनं हाच एक विचार केला. घरी आल्यावर पट्टा बांधायलाही तिचे हात धजेनात. तरी बांधला. नियम तो नियम.

रविवार तिला नेहमीच जड जायचा, घरं नसायची म्हणून. त्या रविवारी तिनं उगाच दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि बापाचा खण उघडला. चिमटे, भिंगं, आणि चौकटीच्या कागदाच्या वह्या. फकीरभाईंची पद्धत अशी, की दुरुस्तीला आलेलं घड्याळ लगेच परत द्यायचं नाही. रोज सकाळी सातला रेडिओचे ठोके पडले की प्रत्येक घड्याळ किती सेकंद पुढं, किती मागं, हे लिहायचं. एका घड्याळाला एक पान. उन्हाळ्यात कसं चालतं, किल्ली ढिली पडली की कसं चालतं, सगळं त्या पानावर. जिनत नऊ-दहा वर्षांची असताना तिनं हुशारी दाखवली होती. सगळ्या पानांवरच्या सेकंदांची बेरीज केली, भागाकार केला आणि बापाला सांगितलं, "अब्बा, आपलं दुकान चार सेकंद मागं चालतंय." फकीरभाई भिंग डोळ्याला तसंच ठेवून पोट धरून हसले होते. "दुकानाला चाल असते का बेटी?" ते म्हणाले होते. "चाल घड्याळाला असते. हे जन्मापासून मागं चालणारं, ते पुढं पळणारं. आज कसं चाललं हे त्यालाच विचार, शेजारच्याला नको."

जिनत तिथंच दुकानाच्या फळीवर बसली. बाहेर बाजारात लोक येत-जात होते आणि तिच्या डोक्यात लख्ख पडलं, की लाल रेघ म्हणजे तेच 'दुकान चार सेकंद मागं' आहे. बायनामावशीचं मूळचंच जास्त. जास्त म्हणून तर आपण तिच्याकडं जास्त बसतो. सटवामामांचं मूळचंच कमी, म्हणून आपण तिथून लवकर उठतो. दोघांचे ठिपके शेजारी-शेजारी ठेवले तर रेघ चढणारच. बसण्यानं काय होतं, हे मावशीला मावशीशीच ताडून बघितलं तर कळेल. कमी बसलो त्या आठवड्याची मावशी आणि जास्त बसलो त्या आठवड्याची मावशी.

तिनं बापाच्या वहीतले अठरा कोरे कागद काढले. एका माणसाला एक कागद. आडवी मिनिटं, उभा आकडा, पेन्सिलीनं पंधरा ठिपके. दुपारचं जेवण राहिलं. चार वाजेपर्यंत अठरा कागद फळीवर पसरले होते. बायनाबाईचा कागद बघून तिला रडूच आलं. चाळीस मिनिटं बसली त्या आठवड्यांचे ठिपके वर, तासाचे मध्ये, आणि सगळ्यात खाली, एकटाच, तो पौषातला. इतर चौदा कागदांवरही थोडाबहुत उतारच. दोनांवर काहीच धड नव्हतं, नुसते शिंतोडे. आणि एक कागद चक्क उलटा, अजिनाथमामांचा. तिथं जितकं बसावं तितका आकडा चढत होता.

सोमवारी तिनं पहाटेपासून घाई करून तिन्ही घरं दुपारपर्यंत उरकली आणि कागदांचं भेंडोळं, वर आपली वही, असं घेऊन पुन्हा बीड गाठलं. तेजश्रीच्या टेबलावर कागद मांडून तिनं बापाच्या घड्याळांची गोष्ट सांगितली. तेजश्रीनं दोन-तीन कागद उलटसुलट करून पाहिले आणि तिच्या तोंडावरचा रंगच उतरला. "हे आम्हाला शिकवलं होतं, ताई," ती म्हणाली. "एकाच माणसाच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या नोंदी वेगवेगळ्या माणसांच्या म्हणून धरायच्या नाहीत. परीक्षेलासुद्धा आलं होतं. मी बरोबर लिहिलं होतं."

मग ती कामाला लागली. यावेळी एक रकानाही सोडणार नाही म्हणाली. मोबाईलच्या नोंदी वहीशी ताडून बघितल्या, वहीतला रकाना न रकाना भरला. जिनत शेजारी बसून वाचून दाखवायची, मध्येच उठून चहा आणायला गेली. परत आली तेव्हा पडद्यावर निळा सडा नव्हता. प्रत्येक माणसाचा एकेक रंग आणि प्रत्येकाची आपली एक छोटी रेघ. वरच्या कोपऱ्यातली बायनाबाई उतरत होती, खालच्या कोपऱ्यातले सटवामामासुद्धा किंचित उतरत होते. चढत्या ढिगाऱ्यात बहुतेक सगळ्या रेघा उतरत्या. तेजश्रीनं मोजून सांगितलं, की एकाच माणसाकडं दहा मिनिटं जास्त बसलं तर आकडा साधारण तीननं कमी.

"हे एकटेच कावून वर चाललेत?" तिनं अजिनाथमामांच्या रेघेवर बोट ठेवलं. ऑफिसात शहरी बोलणारी पोर, पण गडबडीत 'का'च्या जागी गावचं 'कावून' तोंडात आलंच. जिनत म्हणाली, की मामा अर्ध्या तासापर्यंत छान असतात, त्यापुढं भावानं कोरून खाल्लेल्या शेताच्या बांधाच्या भांडणावर येतात. एकदा बांध निघाला की मग मशीन लावून उपयोग नसतो. तेजश्री हसली आणि वहीत तसं लिहून घेतलं.

मग तिनं बोट खाली नेलं. "आणि हे कोण? नंबर शून्य शून्य. यांच्या नोंदी पंधरा नाहीत, शंभरावर आहेत."

जिनतनं पडद्याकडं पाहिलं. काळी रेघ होती, सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत तिरपी. तेजश्रीनं शेवटचा रकानाही भरला होता आणि त्याच्यासमोर त्या-त्या दिवसाची सगळी मिनिटं आपल्या मनानं लावली होती. मिनिटं शून्य, तिथं ठिपक्यांची एक उभी ओळच होती, पार वर. तेजश्री तारखा बघत म्हणाली की हे सगळे रविवार दिसतात. रविवारी एकशे साठ, बासष्ट. आणि ज्या दिवशी मिनिटं सगळ्यात जास्त, त्या दिवशी एकशे सोळा. "अठरा जणांत असा उतार कुणाचाच नाही, ताई. कोण आहेत हे?"

"कोणी न्हाई," जिनत म्हणाली. "मशीन तपासायचं असतं रोज. ते हाय."

"कुणावर तपासता?"

 भर बाजारात पदर उडून जावा तशी जिनतची गत झाली. पंधरा आठवडे आपण लोकांची मोजणी करत फिरलो, आणि आपलंच उघडं पडलं, तेही एवढ्याशा पोरीपुढं. तेजश्रीला कळायला वेळ लागला नाही. तिनं एकदा वहीकडं, एकदा जिनतकडं बघितलं. मग जिनतच हळू आवाजात म्हणाली, "ती रेघ काढून टाका मॅडम. माणूस न्हाई ते, मशीनच हाय." तेजश्रीनं ती रेघ काढून टाकली. नाहीतरी ती अठरा माणसांत नव्हतीच.

मंगळवारच्या बैठकीत अठरा रेघा गेल्या. डॉक्टरसाहेबांनी त्या दोनदा पाहिल्या आणि दहा मिनिटांचा नियम तिथंच मोडीत काढला. उलट पुढच्या दिवाळीपासून आणखी दोन गावं घ्यायची ठरली. तेजश्रीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा जिनत केजच्या चौकात उभी होती. तिनं मॅडमला दुवा दिला, अर्धा पाव पेढे घेतले आणि घरी येऊन तिच्या लक्षात आलं की द्यायला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी ते बायनाबाईला दिले. म्हातारीनं एक खाल्ला आणि बाकीचे नातवंडांसाठी डब्यात ठेवले. नातवंडं यायला अजून महिना होता.

तो महिना भुर्रकन गेला. पाडवा तोंडावर आला आणि ट्रॅक्टर परतायला लागले. एकेक वस्ती भरू लागली. जिनतची मिनिटं तशी घटत गेली. एका घरी सून म्हणाली, लावा की मशीन, बसता कशाला उन्हाचं. वाईट मनानं नव्हे. घरात पसारा पडला होता, पाहुणीला बसवायला जागा नव्हती. सटवामामा तर लेकाबरोबर बैल बघायला गेलेले. संस्थेचं काम पाडव्यापर्यंतच होतं. पुढं एकदम दिवाळी. जिनत संध्याकाळी पट्टा बांधायची तेव्हा आकड्याकडं न बघताच लिहायची, म्हणजे आकडा बघितल्याशिवाय लिहिता येत नाही हे खरं, पण बघून न बघितल्यासारखं करायची. मशीनला ती आता काही म्हणत नव्हती.

शेवटची भेट बायनाबाईची. ओढ्यातून वर येताना तिला लांबूनच आवाज आला. दारात म्हातारी उभी नव्हती. अंगणात भांड्यांचा ढीग, वाळत घातलेली गोधडी, हनुमान ट्रॅक्टरवाल्याशी बोलतोय, दोन पोरं कोंबडीमागं. बायनाबाई आत धाकट्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या तोंडावर असं काही होतं, जे जिनतनं वीस आठवड्यांत पाहिलं नव्हतं. जिनत उंबऱ्याशीच टेकली. चहा झाला, आज दुधाचा. पाच मिनिटांत पट्टा. एकशे बत्तीस.

जिनतला आनंद झाला, खरोखर झाला. आणि त्याच्याच मागोमाग छातीत काहीतरी रिकामं झालं. तिनं लिहिलं: पाच मिनिटं, एकशे बत्तीस. मग मशीन पिशवीत घालता घालता म्हणाली, की आता दिवाळीला येईन मावशी, तोवर गोळी चुकवू नको. आवाज नीट ठेवला होता तिनं. पण म्हातारी तिच्याकडं बघतच राहिली. मांडीवरची नात तिनं खाली ठेवली आणि जिनतच्या हातातून मशीन काढून घेतलं.

"हात कर पुढं."

जिनत म्हणाली, कावून मावशी, मशीन ठीक हाय. म्हातारीनं जिनतची बाही वर सारली, पट्टा गुंडाळला, दोन बोटं आत घालून बघितली आणि बटण दाबलं. पट्टा फुगला. जिनतला कुणी दुसऱ्यानं पट्टा बांधला असं आजवर कधी झालं नव्हतं. मशीन थांबलं तेव्हा बायनाबाईनं ते चुलीपाशी बसलेल्या सुनेपुढं धरलं. "दिपाली, वाच ग."

दिपालीनं हात पुसले आणि वाचलं, "एकशे अठ्ठावन्न."

"माझ्याहून जास्ती भरलं की," बायनाबाई म्हणाली. तिनं जिनतच्या हातातली पिशवी घेतली, आत नेऊन खुंटीला अडकवली, आणि उंबऱ्यातल्या तिच्या चपला उचलून भिंतीशी ठेवल्या. "दिपाली, दोन भाकरी वाढव. हिचं उतरल्याशिवाय ही जायची न्हाई."

जिनतनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. गाडी चुकेल, असं तिला म्हणायचं होतं. पण रडू आधी आलं. बायनाबाईनं नातीला पुन्हा मांडीवर घेतलं आणि शेजारी सरकून जागा केली. "बस," ती म्हणाली. "हं. सांग आता, आठवडाभर काय झालं तुझं."